वाघबारशीला माझा अंगठा जुळला नाही

आमच्या पाड्याच्या वाघोबाने मला फसवले. गेल्या वाघबारशीला त्याने माझ्याकडून कोंबडा घेतला, नारळ घेतला, आणि ज्या कामासाठी दिले ते काम केले नाही. हे मी त्याची पूजा करणाऱ्या भगतकाकांच्या तोंडावर बोलले आहे, पाड्यातल्या बायकांपुढे बोलले आहे, आणि आता लिहूनही ठेवते. ज्यांना देवाविषयी असे बोललेले आवडत नाही त्यांनी पुढचे वाचून मग काय ते ठरवावे. माझे त्याच्यावर प्रेम नसते तर मी भांडलेच नसते. ज्या दुकानात पुन्हा पाय ठेवायचा नसतो तिथे कोण घासाघीस करत बसते?

मोखाड्यात एसटी स्टँडपासून थोडे पुढे माझे ऑनलाइन कामाचे केंद्र आहे. दाखले, अर्ज, सातबारा, आणि हल्ली सर्वांत जास्त म्हणजे अंगठा लावून ओळख पटवायचे काम, ज्याला आता गावोगाव केवायसी म्हणतात. हे केंद्र मला कोणी उभे करून दिलेले नाही. आश्रमशाळेतून दहावी झाल्यावर मी बाजारात जमिनीवर पोते अंथरून सुके बोंबील आणि सुकट विकली आहे. तिथेच मी भाव करायला शिकले आणि तिथेच माझा आवाज चढला, तो पुन्हा खाली आला नाही. पुढे जव्हारला जाऊन संगणक शिकले, जुना एक विकत घेतला, आणि ज्या बायका माझ्याकडून सुकट घ्यायच्या त्याच माझ्याकडे दाखले काढायला येऊ लागल्या. आगाऊ मी कोणाला काही देत नाही आणि कोणाचे ऐकून घेत नाही, अशी माझी ख्याती आहे. यजमान काळीपिवळी जीप चालवतात. ते म्हणतात, हिच्याशी बोलण्यापेक्षा घाटात रिव्हर्स घेणे सोपे.

केंद्र चालू लागले तसे काम माझ्या अंगावर वेलासारखे चढत गेले. दोन फोन झाले. दोन्हीवर कामाचे गट, गटांत सूचना, सूचनांवर सुधारित सूचना. आंघोळीला जाताना फोन कोनाड्यात ठेवायचा आणि पाणी अंगावर घेता घेता त्याच्याकडे बघायचे. भाकरी डाव्या हाताने खायला शिकले, कारण उजवा माउसवर. ज्या दिवशी सर्व्हर चालत नसे त्या दिवशी पडद्यावर ती गोल चकरी फिरत राही, आणि बाहेर पायऱ्यांवर बायका लेकरे घेऊन बसलेल्या. मी त्या चकरीकडे बघून दात आवळत असे. नंतर नंतर डोळे मिटले तरी ती चकरी आतल्या अंधारात फिरायची. झोप लागत नसे. फोन वाजला नसतानाही वाजल्यासारखा वाटे. उजव्या हाताची बोटे बधिर होऊ लागली, मानेतून एक कळ कानामागे जाऊ लागली, आणि राग तर असा झाला की आधी ओरडायची आणि मग कशाबद्दल ते आठवायची.

यजमानांनी मला जव्हारला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी दाब मोजला, पुन्हा मोजला, आणि चष्मा काढून ठेवला. हे असेच चालले तर एक दिवस उजवी बाजू जाईल, असे त्यांनी सरळ सांगितले. पंधरा दिवस पूर्ण विश्रांती, रोज एक गोळी, आणि स्क्रीनकडे बघायचे नाही. मी म्हटले, पंधरा फार होतात, आठ करा. ते म्हणाले, "बाई, हा भाजीबाजार नाही." तरी मी त्यांना उठता उठता दोन दिवसांवर आणले; म्हणजे तेच कंटाळून गप्प बसले, आणि मी त्याला सौदा झाला असे समजले. ते दोन दिवसही मी घेतले नाहीत. गोळ्या पर्समध्ये टाकल्या आणि तशाच ठेवल्या, कारण त्या गोळ्यांनी गुंगी येते असे मी ऐकले होते, आणि गुंगीत अर्ज चुकतात. उजवी बाजू गेली तर अर्ज कोण भरणार, हा हिशेब माझ्यासारख्या हुशार बाईला सुचला नाही.

त्याच दिवसांतली एक गोष्ट सांगायला हवी, जी मी पुष्कळ दिवस कोणाला सांगितली नव्हती. बाजाराच्या दिवशी एक म्हातारी यायची. तीन बाजार लागोपाठ आली. डोक्यावर विरलेला पदर, कमरेपर्यंत वाकलेली, आणि अंगठा असा गुळगुळीत झालेला जसा नदीतला गोटा. आयुष्यभर ज्यांनी चिखलात लावणी केली, दगड उचलले, त्यांच्या अंगठ्यावर रेघा राहत नाहीत. मशीन घेत नाही. पहिल्या बाजाराला मी तिचा अंगठा पुसून बघितला, दुसऱ्या बाजाराला तेल लावून बघितला. तिसऱ्या बाजाराला मागे चाळीस माणसे, पुढे ती चकरी, आणि मी तिचा हात मशीनवरून झटकला. सगळ्यांसमोर म्हटले, "आजी, तुला अंगठाच नाय. जा घरी." ती रागावली नाही. आपला अंगठा तिने स्वतःच उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "हाये गं बाय. ह्यो काय." मग पदरातून एक मोठी काकडी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि पायऱ्या उतरून गेली. ती काकडी मी खाल्ली. चांगली गोड होती.

आता वाघबारशीचे. दिवाळी झाली की आमच्या भागातली घरे रिकामी होतात. माणसे वीटभट्ट्यांवर जातात, बांधकामावर जातात, ती शिमग्याच्या सुमारास परततात. केवायसीची शेवटची तारीख दिवाळीच्या तोंडावर होती; ती चुकली की सरकारी मदत बंद. माझ्या माहेरच्या पाड्यातल्या बहुतेक बायकांचे काम राहिले होते. मोखाड्याला यायचे म्हणजे मजुरी बुडते, आणि पाड्यात जाऊन करावे तर दिवसा घरी कोणी सापडत नाही. शिवाय पाड्यात रेंज नाही. ती फक्त एका ठिकाणी येते, वरच्या टेपावर, म्हणजे टेकाडावर, ऐनाच्या झाडाखाली, जिथे वाघोबाची फळी उभी आहे. सागाच्या फळीवर कोरलेला वाघ, वर सूर्य आणि चंद्र, शेंदूर इतका की वाघाचे डोळे बुजले आहेत.

आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. वाघबारस, दिवाळीच्या आधीची बारस! त्या दिवशी आमच्याकडे कामाला कोणी हात लावत नाही. कोयता भिंतीला टांगलेला राहतो, शेतात कोणी उतरत नाही, मजुरीला कोणी जात नाही. घराघरातून तांदूळ, गूळ, कोंबडे घेऊन सगळा पाडा वाघोबापाशी जमतो, तिथेच शिजवतो, तिथेच खातो. घरी काही न्यायचे नाही अशी रीत. म्हणजे सगळी माणसे एकाच जागी, दिवसभर मोकळी, आणि नेमकी रेंजखाली. अख्ख्या तालुक्यात ही युक्ती दुसऱ्या कोणाला सुचली नसती. पाड्याने जो दिवस कामापासून वाचवून ठेवला होता, तो मला कामासाठी तयार करून ठेवलेला दिसला.

यजमानांनी सकाळी मला टेपाच्या पायथ्याशी सोडले आणि ते त्यांच्या फेऱ्यांना गेले. मी लॅपटॉप, अंगठ्याचे मशीन, दोन्ही फोन, नारळ आणि कोंबडा घेऊन वर चढले. आमचे भगतकाका, माझ्या वडिलांचे चुलत भाऊ, चूल मांडत होते. माझे सामान बघून त्यांनी नुसती मान हलवली. म्हणाले, "आज नको गं पोरी. आज वाघसुदा गप बसतो." मी म्हटले, दुपारपर्यंत फक्त. ते नको म्हणाले. पूजा झाल्यावर, जेवण होईपर्यंत? तेही नको. अर्धा तास आमची ओढाताण झाली आणि शेवटी ते वैतागून म्हणाले, मला काय विचारतेस, त्याला विचार. मग मी वाघोबापुढे उभी राहिले. त्याला सांगितले की रेंज चांगली दे आणि संध्याकाळपर्यंत पाड्यातल्या सगळ्यांचे अंगठे लागू दे. काम झाल्यावर कोंबडा देते, असे म्हणणार होते. पण भगतकाका म्हणाले, इथे उधारी चालत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी आगाऊ दिले.

रेंज आली. चार काड्या. मोखाड्यात येत नाही इतकी स्वच्छ. मी दगडावर लॅपटॉप ठेवला, बायकांना रांग लावायला सांगितले. आमच्या कामात एक नियम असतो: दिवस सुरू करताना मशीन आधी चालवणाऱ्याचा अंगठा मागते. म्हणजे मी मीच आहे हे रोज सकाळी त्याला पटवायचे आणि मग दुसऱ्यांचे घ्यायचे. मी अंगठा ठेवला. जुळला नाही. पुसून ठेवला. जुळला नाही. पूजेचा शेंदूर लागला असेल म्हणून पाण्याने धुतला, कोणीतरी लिंबू दिले ते चोळले, कोणीतरी चुलीतली राख दिली. प्रत्येक वेळी मशीन लाल दिवा दाखवी. बायकांना मजा वाटू लागली. एक मावशी मागून म्हणाली, "आता हिलाच केंद्रावर न्या रे." सगळा टेप हसला. मी अंगठा दाबत राहिले, आणि अखेर पडद्यावर ओळ आली की प्रयत्न फार झाले, आता चोवीस तासांनी या.

त्यानंतर मी काय काय बोलले ते लिहीत नाही. मशीनला बोलले, पाड्याला बोलले, आणि वाघोबाकडे वळून त्यालाही बोलले. बोलता बोलता उजव्या हाताची बोटे थंड पडली. मग मुंग्या आल्या, आणि हात खांद्यापासून असा लोंबला जसा दुसऱ्या कोणाचा माझ्या अंगाला बांधला आहे. ती चकरी, जी डोळे मिटल्यावर दिसायची, उघड्या डोळ्यांपुढे फिरू लागली. मला डॉक्टरांचे वाक्य आठवले आणि जन्मात पहिल्यांदा माझा आवाज बसला. मी खाली बसले, मग आडवी झाले.

पाड्याची आशाताई, म्हणजे घरोघरी तब्येत बघणारी आशा सेविका, तिथेच होती. तिने दाब मोजला आणि तिचा चेहरा पडला. माझ्याच फोनवरून, त्याच चार काड्यांवर, तिने जव्हारच्या डॉक्टरांना लावले. पहिल्या झटक्यात लागला. डॉक्टरांनी माझ्याशी दोन शब्द बोलून घेतले, जीभ जड नाही ना हे बघितले, पर्समधली गोळी द्यायला सांगितली, आणि म्हणाले की गाडी मिळेपर्यंत हिला आडवी ठेवा, बोलू देऊ नका, जीभ जड झाली किंवा तोंड वाकडे झाले तर उचलून खाली आणा. एक तरणा माणूस यजमानांना गाठायला टेप उतरून धावला. आणि तेवढ्यात माझ्या डोक्याशी कोणीतरी येऊन बसले. उन्हातून वर बघितले तर तीच म्हातारी. विरलेला पदर, तीच वाकलेली पाठ.

तिने माझे डोके मांडीवर घेतले. ऐनाची दोन पाने पाण्यात बुडवून कपाळावर ठेवली. वाडग्यातली नागलीची आंबील बोटाने माझ्या ओठांना लावली. मग माझा बधिर हात उचलला आणि आपल्या त्या गुळगुळीत अंगठ्याने माझा अंगठा चोळू लागली, हळूहळू, बाळाच्या पायाला तेल लावतात तसा. मला रडू आले, पण तेवढीही ताकद नव्हती. दोन्ही फोन माझ्या उशाशी वाजत होते. तिने ते उचलले, वाघोबाच्या फळीपाशी ठेवले आणि वर पळसाची पत्रावळ झाकली. म्हणाली, "ह्यांना पन आजचा दिस पाळू दे." आणि मला म्हणाली, "आंगठा हाये गं बाय तुला. ह्यो काय." बाजारात जे ती स्वतःबद्दल बोलली होती तेच, तसेच. त्यात टोमणा नव्हता. असता तर मी ओळखला असता. टोमण्यांची मला चांगली पारख आहे.

मी झोपले. भर दिवसा, सगळ्या पाड्यासमोर, चुलीच्या धुरात, पोरांच्या कालव्यात. आशाताई मध्येमध्ये दाब बघत होती, तो उतरत होता, असे मला नंतर कळले. यजमान आले तेव्हा तिने त्यांना थांबवले, उठवू नका म्हणाली, डॉक्टरांना पुन्हा विचारून घेतले. ते माझ्या पायाशी बसून राहिले. जाग आली तेव्हा ऊन ऐनाच्या शेंड्यावर गेले होते. मी डोळे पुन्हा मिटून बघितले. आत काही फिरत नव्हते. नुसता शांत अंधार होता, जसा लहानपणी असायचा. उजव्या हाताची मूठ मिटली, उघडली. माझीच होती. मी विचारले, आजी कुठे गेली? यजमान म्हणाले, ते आले तेव्हा माझे डोके कोणाच्या तरी घडी घातलेल्या शर्टावर होते, कोणी आजी नव्हती. आशाताईने तिला पाहिली होती, पण ती कोणाची पाहुणी समजली होती. एकीला वाटले ती दाभोशाकडची, दुसरीला वाटले जामसरच्या बाजूची. भगतकाका भांडी घासत होते. ते मान वर न करता म्हणाले, वाघबारशीला एखादी पाहुणी येतेच, आमच्यात विचारत नाहीत.

त्याच संध्याकाळी मी जव्हारला गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की बाजू वाचली. म्हणाले, आणखी तासभर तशाच तावात राहिला असतात तर सांगता आले नसते. मग त्यांनी पुन्हा पंधरा दिवस म्हटले. या वेळी मी भाव केला नाही. त्यांनी चकित होऊन यजमानांकडे बघितले.

तिसऱ्या दिवशी बातमी आली की केवायसीची मुदत शिमग्यानंतरपर्यंत वाढली. म्हणजे पाड्यातल्या कोणाचे काही बुडले नाही. सगळे भट्टीवर जाऊन, परत येऊन, माझ्याकडे अंगठा लावून गेले. आणि माझा अंगठा? पंधरा दिवसांनी केंद्र उघडले तेव्हा पहिल्याच दाबाला जुळला. तेव्हापासून रोज जुळतो. माझ्या ओळखीचे एक गुरुजी म्हणतात की घाम, शेंदूर, थरथर यांमुळे असे होते. होत असेल. मी त्यावर वाद घालत नाही. त्या दिवशी मशीनने मला ओळखले असते तर मी रांग संपेपर्यंत उठले नसते, एवढेच मला माहीत आहे.

आता आठवड्यातून एक दिवस मी केंद्र बंद ठेवते. दारावर कागद नाही, कारण सगळ्यांना माहीत झाले आहे. त्या दिवशी दोन्ही फोन पत्रावळीखाली असतात. लोक हसतात, हसू दे. गोळी रोज घेते. आवाज अजून चढतो, पण चढला की मी उजवा अंगठा डाव्या हातात धरते, आणि बहुतेक वेळा तो उतरतो. जगातले सगळे माझ्या ओरडण्याने चालते असे मला वाटत होते. एक अख्खा दिवस मी काहीच केले नाही, आणि सूर्य ऐनावरून आपला आपण मावळला. देवावर भार टाकावा म्हणतात ते मला जमत नव्हते, कारण मी प्रत्येक भाराचा भाव करत होते. त्याने तो भार माझ्या हातातून काढून घेतला, भाव न करता.

तरीही माझी तक्रार मी मागे घेतलेली नाही. वाघोबा, कोंबडा तुझा झाला, नारळ तुझा झाला, ते मी सोडले. मागितले ते दिले नाहीस, दुसरेच दिलेस, तेही मान्य केले. पण त्या आजीचे काम माझ्याकडे राहिले आहे. तेव्हापासून एकाही बाजाराला ती आली नाही. मी दाभोशाला विचारले, जामसरला विचारले, यजमानांनी प्रत्येक फेरीत विचारले. तिचे नाव मला सांगता येत नाही, कारण तीन वेळा तिचे कार्ड हातात घेऊनही मी फक्त आकडे वाचले, नाव वाचले नाही. हा दोष माझा आहे, त्याबद्दल मला तिची माफी मागायची आहे, आणि तिचा अंगठा लागेपर्यंत मला तो हातात धरून बसायचे आहे, दिवस लागला तरी. म्हणून ती कुठे आहे हे तू सांगायचे. त्या दिवशी तुझ्या दारात आलेली पाहुणी होती, तेव्हा जबाब तुझ्याकडे. येत्या वाघबारशीला मी मशीन न आणता, फोन घरी ठेवून, ऐनाखाली येऊन बसणार आहे. कोंबडा आणीन, तोही आगाऊ देईन. पण उत्तर मिळाल्याशिवाय मी उठणार नाही.